पाकातली करवंदं

जेवून जरा डोळा लागत होता, तर गोष्ट गोष्ट करून उठवलंत. सांगतो. पण मधे बोलायचं नाही.

फार मागं, डोंगराच्या पायथ्याला एका गावात एक हलवाई होता. पेढे वळायचा आणि वळता वळता खायचा. अंग एवढं सुटलं, की बसल्या जागेवरून उठवायला दोन माणसं लागायची.

गावाची एक रीत होती. माघातल्या जत्रेला पेढ्यांची परात हलवायानं स्वतःच्या डोक्यावरून वर देवीपर्यंत न्यायची, वाटेत कुठं टेकवायची नाही. टेकवली तर परातीचा मान दुसऱ्या घरी जायचा. याच्या आजानं नेली, बापानं नेली. त्या साली मात्र अर्ध्या वाटेत याची छाती धाडधाड उडायला लागली, डोळ्यांपुढं अंधारी आली आणि परात खाली आली.

पंच म्हणाले, "बापाकडं बघून एक साल सोडतो. पुढल्या जत्रेला टेकली, तर मान गेला."

वैद्यानं नाडी धरली. "चरबीचं ओझं काळजावर आलंय. गोड सोड, रोज चाल. आणि पेढ्याच्या जागी रानातली फळं खा. करवंदं, जांभळं, बोरं, ज्या दिवसांत जी मिळतील ती. काळजाला बरी असतात."

चैत्रात डोंगरावरची एक म्हातारी करवंदं घेऊन आली. हलवायानं सगळी पाटी घेतली. पण हात पडला हलवायाचा. एक करवंद चावलं, आंबट लागलं, की बाकीची गेली पाकात. रोज वाटीभर खायचा, वर पाक चाटायचा.

बायको म्हणाली, "अहो, याला औषध म्हणायचं का मिठाई?"

"आत करवंदंच आहेत ना?"

महिनाभरात घरचा ओटा चढतानाही धाप लागायला लागली. पाकाचं ऐकून म्हातारी पुढल्या खेपेला आली ती रिकाम्या हातानं.

"शेठ, तुम्हाला देणार नाही. आम्ही काट्यांत हात घालून तोडायची आणि तुम्ही पाकात बुडवायची. पाहिजेत तर वर करवंदाच्या जाळीपाशी या."

"मला चढवत नाही, ठाऊक आहे ना तुला?"

"म्हणून तर म्हणते."

हलवाई चिडला. दुसऱ्या सकाळी उठून बरणीतला सगळा पाक म्हशीच्या पेंड-आंबोणात ओतला आणि डोंगराकडं निघाला.

पहिल्या दिवशी पहिलं वळण आलं आणि तो खाली बसला. दुसऱ्या दिवशीही तिथंच. दहाव्या दिवशी जाळी दिसली. हात ओरबाडले, बोटं चिकानं भरली, दात आंबले. तरी तिथंच तोडून तिथंच खाल्ली. रोज गेला. धाप लागली, की बसायचं सोडून वळणावर उभा राहून दम घ्यायचा. ज्येष्ठात जांभळं खाल्ली, पौषात बोरं. दुकानात पेढे वळायचा, पण बोट तोंडाकडं जाऊ द्यायचा नाही. गेलंच, तर बायको नुसती परातीकडं बघायची.

माघ आला. परात डोक्यावर चढली, गाव मागून निघालं. अर्ध्या वाटेत, गेल्या सालच्याच जागी, छाती पुन्हा उडायला लागली.

मागून कुणी म्हणालं, "टेकव बाबा, जीव मोठा."

तो उभा राहिला. वर्षभर वळणावळणाला राहायचा तसाच, परात दोन्ही हातांनी धरून. ठोके हळूहळू खाली बसले. मग त्यानं पाऊल उचललं आणि एकदम देवीपुढंच परात उतरवली.

पुजाऱ्यानं प्रसादाचा पेढा हातावर ठेवला. हलवायानं चिमूटभर जिभेवर टाकला, उरलेला बायकोला दिला.

तात्पर्य: औषध आपल्या आवडीच्या पाकात बुडवलं, तर पोटात आवडच जाते. काळजाचं ओझं उतरवायचं, तर आंबटही खावं लागतं आणि चढही आपल्याच पायांनी चढावा लागतो.

झालं. पळा आता. जांभळं मागायला माझ्या दारात येऊ नका, झाड राहिलेलं नाही. मला न विचारता तोडलं, वर मलाच खुळा म्हणाला आणि माफीचा एक शब्द अजून बोललेला नाही, तो शेजारचा महिपत सुतार.