नाव घेणारी घंटा आणि मथुरा नावाडीण

ही गोष्ट माझ्याइतकी झकास साऱ्या मुलखात कुणाला सांगता येत नाही. आता खरं सांगायचं तर मधला थोडा भाग मी विसरलोय, आणि राणीचं नाव दर खेपेला वेगळंच तोंडात येतं. म्हणून या खेपेला राणीच ठेवली नाही. कटकट मिटली.

पाय पांघरुणात घ्या. आणि जो कोण शेजारच्याला कोपर मारतोय ना, तो मला दिसतोय बरं का.

तर एकदा काय झालं, एक होतं नदीकाठचं राज्य. नदी एवढी रुंद, की अलीकडच्या काठावर शिंकलं तर पलीकडचा 'शंभर वर्षं जग' म्हणेपर्यंत दुसरी शिंक यायची. पूल नव्हते तेव्हा. घाई नव्हती तेव्हा. होडी येईपर्यंत माणसं काठावर शेंगा खात बसायची, दोन घरच्या सोयरिकी जुळवायची, दोन मोडायची, मग पलीकडे जायची.

त्या राज्यात राजवाड्याच्या दाराशी एक घंटा होती. साधीसुधी नव्हे. राजाच्या आजानं ती सात धातूंची ओतवून घेतली होती. दोर ओढायचा, ज्याच्याबद्दल सांगायचं त्याचं नाव घ्यायचं आणि काय झालं ते बोलायचं. घंटा त्यातलं नाव तेवढं उचलायची आणि साऱ्या राजवाड्यात गरजायची. पुढचं बोलणं तिला उचलायचं नाही. घंटाच ती! आत नुसती जीभ, वर डोकं नाही. अशी माणसंही असतात म्हणा. मी कुणाचं नाव घेत नाही.

आजाराजाचं बरं होतं. घंटा वाजली की तो हातातला घास ताटात ठेवायचा, पंच्यानं हात पुसत अनवाणीच खाली यायचा. "काय झालं रे बाबा?" म्हणायचा. पायरीवर बसून सगळं ऐकायचा, वर गूळपाणी द्यायचा. असे राजे होते एके काळी. मग त्याचा मुलगा गादीवर आला. तो स्वतः यायचा नाही, कारभाऱ्याला धाडायचा. मग आला नातू, राजा भद्रसेन. मनानं वाईट नव्हता, पण त्यानं वाडा सातमजली बांधला आणि राहायला गेला सातव्या मजल्यावर. उतरायचं म्हटलं की गुडघे कुरकुरायचे. म्हणून त्यानं सोपा कायदा काढला. घंटेनं एखाद्याचं नाव तीनदा घेतलं की तो माणूस कामचुकार. त्याचं काम काढून घ्यायचं आणि तीन दिवसांत त्याला राज्याबाहेर घालवायचं. विचारायचं नाही, पुसायचं नाही.

आणि लोकही कसे? वाईट झालं की धावत घंटेकडे. चांगलं झालं की धोतर झटकून घराकडे. चांगलं सांगायला त्या दारी कुणी कधी गेलंच नव्हतं.

आता त्या नदीवर होडी चालवायची मथुरा. बाप थकला, तेव्हा त्याचा बांबू तिनं हातात घेतला, त्याला वीस वर्षं झाली होती. ती रोज काय करायची? माणसं बसायच्या आधी फळी पदरानं कोरडी करायची. कुणाच्या डोक्यावर मडकी असली की नदीच्या खळाळातून न जाता लांबच्या वळशानं जायची. एखादी सासुरवाशीण माहेर सोडून निघाली आणि मागं बघून रडायला लागली, तर मथुरा होडी अशी हळूच फिरवायची की तिचं तोंड माहेराकडेच राहील, पार काठ दिसेनासा होईपर्यंत. लोक पलीकडे उतरायचे आणि आपापल्या वाटेनं जायचे. "बरं केलंस गं" असं कुणी म्हणायचं नाही. अहो, सूर्य उगवला म्हणून सूर्याची पाठ थोपटतं का कुणी? तसंच ते.

त्याच काठावर एक म्हातारा राहायचा, झुंबरआबा. वय सत्तर, अक्कल सात. शाळेत बाराखडी शिकत ढ पर्यंत पोचला आणि जागा आवडली म्हणून तिथंच राहिला. साऱ्या गावाच्या खोड्या काढायचा. न्हाव्याच्या धोपटीत खेकडा सोडायचा. झोपलेल्या पाटलाच्या मिशीला काकवी लावायचा आणि मुंग्यांना आवतण द्यायचा. पण स्वभावच तो, त्याला काय करणार!

एके दिवशी झुंबरआबा लेकीकडून परत निघाले. होडीत बसले, आणि लगेच सुरू झाले.

"मथे, तुझी होडी आमच्या म्हातारीपेक्षा जास्त कुरकुरते गं."

"म्हातारीला तुम्ही भेटलात, आबा. होडीनं तरी नुसतं पाणीच सोसलंय."

होडीतली सगळी माणसं हसली. आबाही हसले. होडी मध्यावर आली आणि आबांनी हात चाचपले. काठी पलीकडेच राहिली होती! आता आबांना वाटलं, आपण बोललो तर लोक आपल्यालाच हसतील. म्हणून गप्प बसले. पण मथुरेनं त्यांचा रिकामा हात पाहिला. आधी बाकीच्यांना काठावर सोडलं. मग एकट्या आबांना घेऊन होडी वळवली, उलट्या धारेला बांबू मारत पुन्हा सारी नदी कापली, काठी आणली आणि परत सारी नदी कापून आबांना उतरवलं.

"अगं, काठीच ती. बाभळीची दुसरी तोडली असती."

"असू द्या की," मथुरा म्हणाली. "हाताला सवयीची होती." आणि घाम पुसून पुढच्या माणसांना हाक मारायला लागली.

झुंबरआबा काठावर उभेच राहिले. सत्तर वर्षांत पहिल्यांदा त्यांना चेष्टा सुचेना. मथुरेला काही म्हणावं, तर चांगलं बोलायची जिभेला सवयच नाही! मग त्यांनी ठरवलं, हे राजाच्याच कानावर घालायचं.

मग आबा चालत निघाले. सात कोस चालले. राजवाड्याच्या दाराशी पोचले. घंटेखाली ही मोठी पाटी होती, तिच्यावर राजाचा तो तीनदाचा कायदा लिहिलेला.

"पाटी वाचलीत का, आजोबा?" पहारेकऱ्यानं विचारलं.

आबांना मेलं ढ च्या पुढचं येतंय कुठे? पण ते कबूल कोण करणार! "पाटी? तोंडपाठ आहे मला," आबा म्हणाले आणि दोर धरला. "मथुरा! तिनं माझ्या काठीसाठी नदी दोनदा ओलांडली!" घंटा गरजली, "मथुराऽऽऽ!" आबांना कसं गार वाटलं! पण एवढ्यानं समाधान होईना. "मथुरा! ती फळी कोरडी करून बसवते!" पुन्हा घंटा, "मथुराऽऽऽ!" आता आबांना रंग चढला. "मथुरा! तिच्यासारखी दुसरी नाही!"

"मथुराऽऽऽ!"

तीनदा झालं.

आबा शीळ घालत घराकडे निघाले. वाटेत राजाचा स्वार त्यांच्या अंगावर धूळ उडवत पुढे गेला. आबा खूश. म्हणाले, बघा, मथुरेला लुगडंचोळी चाललीय!

आबा नदीवर पोचले तर काय? बांबू दुसऱ्याच माणसाच्या हातात. तो ओरडत होता, "गप बसा, नाहीतर पोहत जा!" फळीवर पाणी. एका कुंभारणीची दोन मडकी फुटलेली. आणि मथुरा काठावरच्या दगडावर बसलेली, बाजूला गाठोडं.

"आबा, माझं नाव तीनदा वाजलं म्हणे," ती म्हणाली. "तिसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत राज्याबाहेर जायचंय. मी सकाळपासून आठवतेय. काय चुकलं असेल हो माझं? गेल्या अमावस्येला एका म्हाताऱ्याचं पाऊल भिजलं होतं, तो असेल का? का ती लेकुरवाळी? तिला जरा ताटकळावं लागलं होतं."

ती एकेक दिवस उलगडून आपली चूक शोधत होती. आणि आबांना कळेना, सांगावं कसं, की पोरी, चूक तुझी नाही, माझं तोंड चुकलं?

"बस इथंच," आबा एवढंच म्हणाले आणि उलट्या पावली निघाले. पुन्हा सात कोस.

आधी पहारेकऱ्याकडे गेले. म्हणाले, "बाबा, मी चांगलं सांगायला वाजवली होती." पहारेकरी म्हणाला, "वाजलेली घंटा परत आत घालता येत नाही, आजोबा."

मग कारभाऱ्याकडे गेले. कारभारी म्हणाला, "गाऱ्हाणं असेल तर पूर्वेच्या दाराला जा. दान हवं असेल तर पश्चिमेच्या. कौतुकाला दार काढलेलंच नाही. कुणी मागितलंच नव्हतं."

एक रात्र गेली, दुसरी गेली. तिसरा दिवस उजाडला. आबांनी डोकं खाजवलं. आणि मग, बरं का, त्यांना सुचली साऱ्या जन्मातली सगळ्यात मोठी खोडी. पहारेकरी तंबाखू मळतोय तोवर त्यांनी घंटेचा दोर धरला आणि म्हणाले, "भद्रसेन!"

घंटा आधी बिचकली. खाकरली. मग भीत भीत म्हणाली, "भद्रसेऽऽन?" आबांनी पुन्हा ओढली. "भद्रसेऽऽऽन!" राजवाड्याच्या चुलीवर पोळी तव्यातच करपली. आबांनी तिसऱ्यांदा ओढली, पार लोंबकळून.

"भद्रसेऽऽऽऽन!"

राजा सात मजले धावत खाली आला. एका पायात जोडा, मुकुट काखेत. गुडघ्यांनी एकदाही कुरकुर केली नाही! धापा टाकत म्हणाला, "माझं काय चुकलं? अरे, मी राज्याबाहेर जाऊन करू काय? बाहेर मला ओळखतं कोण?"

"काही चुकलं नाही, महाराज," आबा म्हणाले. "सात कोस चालत आलो. तुमच्या रस्त्याच्या दोन्ही अंगाला चिंचा आहेत, डोक्याला ऊन लागलं नाही. म्हणून एकदा वाजवली. कोसाकोसाला पाण्याचा रांजण आहे, रांजणावर झाकण आहे. म्हणून दुसऱ्यांदा."

"आणि तिसऱ्यांदा?"

"तुम्ही खाली आलात म्हणून. ती आधीच वाजवून ठेवली होती."

राजा पायरीवर बसला. आजा बसायचा त्याच पायरीवर. मग हळूच म्हणाला, "वळणावरची चिंच बघितलीस का? ती मी स्वतः लावलीय. लहान होतो. आजोबांनी खड्डा खणला होता. इतक्या वर्षांत त्या चिंचेबद्दल मला कुणीच काही बोललं नाही रे." त्यानं मुकुटानंच डोळे पुसले. मुकुट काही त्यासाठी बरा नसतो, टोचतो.

मग आबांनी मथुरेची सगळी हकिकत सांगितली. राजा ताडकन उठला. "घोडा आणा! तिचा आज तिसरा दिवस!"

दोघं एकाच घोड्यावर बसले. आबा मागं, राजाच्या कमरेला मिठी मारून. नदीवर आले तेव्हा सूर्य टेकायला आला होता आणि मथुरा गाठोडं डोक्यावर घेऊन काठालगत राज्याची सीमा सांगणाऱ्या दगडापर्यंत पोचली होती. एक पाऊल टाकायचं राहिलं होतं. राजानं खाली उतरून नव्या नावाड्याकडून बांबू घेतला आणि आपल्या हातानं तिच्या हातात दिला. म्हणाला, "बाई, तुझं काही चुकलेलं नाही. ऐकणाऱ्याचं चुकलं." मथुरेनं गाठोडं खाली ठेवलं. राजा होडीत बसायला गेला, तर तिनं आधी फळी पदरानं कोरडी केली. राजा आहे म्हणून नव्हे. ओली होती म्हणून.

मग त्या दिवसापासून राजा पहिल्या मजल्यावर राहायला आला. घंटा वाजली की खाली यायचा आणि विचारायचा, "बरं सांगायचंय की वाईट?" लोकांना आधी लाज वाटायची. मग कुणी सुइणीचं नाव घेतलं, कुणी दिवाबत्तीवाल्याचं, एकानं तर त्या पहारेकऱ्याचंही घेतलं. आणि काय चमत्कार! जी घंटा वाघासारखी गरजायची, ती आता आई जेवायला हाक मारते तशी नावं घ्यायला लागली. ज्याचं नाव ऐकू यायचं, तो जिथं असेल तिथं लाजायचा. राजाचं पोटही उतरलं. त्या ओरडणाऱ्या नावाड्याला मेंढ्या राखायला दिल्या. त्याच्या नावानं मेंढ्यांनी अजून घंटा वाजवलेली नाही, म्हणजे बरं चाललं असावं.

असे सगळे आपापल्या जागी सुखानं राहिले. तुम्हीही आपापल्या जागी राहा, दुसऱ्याच्या पांघरुणात शिरू नका. मिटा डोळे. एवढं शेवटचं तेवढं ऐका आणि झोपा.

दुसऱ्या दिवशी झुंबरआबा होडीत बसले. बाकी कुणी नव्हतं. नदी संथ होती. आबांनी मान खाली घालून सगळं कबूल केलं, की तुझं नाव तीनदा मीच वाजवलं, तू काठी आणून दिलीस ते राजाला सांगावं म्हणून. आणि मग, स्वभावच तो, छाती पुढं काढून म्हणाले, "पण बघ मथे, तुझं चांगलं सांगायला या म्हाताऱ्यानं सात कोसांच्या दोन खेपा केल्या!"

मथुरेनं बांबू पाण्यात टेकला आणि होडी जागच्या जागी थांबवली.

"सात कोस चालून घंटेला सांगितलंत, आबा. मी तर इथंच होते, तुमच्यापासून हातभर लांब. मला सांगायला काय झालं होतं?"