आकड्यावरची रेघ

एका खोल नदीच्या दोन कड्यांवर पसरलेलं एक गाव होतं. अर्धं गाव अलीकडे, अर्धं पलीकडे. मधे पूल नव्हता. या कड्यापासून त्या कड्यापर्यंत एक जाडजूड दोर ताणलेला होता. त्या दोरावर एक लोखंडी आकडा अडकवलेला असे आणि आकड्याला टांगलेला असे वेताचा पाळणा. पाळण्यात बसायचं, दोन्ही बाजूंच्या माणसांनी ओढदोर ओढायचा, की माणूस नदीवरून पार.

आकडा फार जुना होता. दोरावर घासून घासून त्याच्या वाकात एक रुंद खळगा पडला होता, अंगठा आरामात मावेल एवढा. पाहुणे तो खळगा बघत आणि डोळे मिटून पाळण्यात बसत. पाटलांना याची लाज वाटे.

"गावाची अब्रू या झिजक्या आकड्याला लटकलीय," ते म्हणाले आणि त्यांनी लोहाराला नवा आकडा घडवायला सांगितला.

त्याच गावात अलीकडच्या कड्यावर एक कासारीण राहायची. तिची लेक पलीकडे दिली होती. लेकीला सातवा महिना लागला होता आणि ती बाळंतपणाला माहेरी येणार होती. गावच्या यात्रेच्या दिवशी नव्या आकड्यावरून पहिल्यांदा पाच सुवासिनींनी यायचं असं पाटलांनी ठरवलं होतं आणि त्या पाचांत कासारणीची लेक होती. कासारणीच्या आनंदाला पारावार नव्हता.

यात्रेच्या दोन दिवस आधी कासारीण आपली बोथट झालेली कानस घेऊन लोहाराकडे गेली. खुंटीला नवा आकडा टांगलेला होता. आरशासारखा लखलखीत. एकाही जागी खड्डा नाही की डाग नाही. फक्त त्याच्या मानेवर सगळीकडून फिरलेली एक बारीक रेघ होती, केसाएवढी.

"लोहारदादा, ही रेघ कसली?"

"पाटलांची. त्यांच्या घराण्यानं दिलेल्या प्रत्येक वस्तूवर असते. देवळातली समई बघ, घंटा बघ, जेवणावळीची कढई बघ. नवी छिन्नी लावून कोरलीय. कशी सरळ आलीय, बघ की!"

"छान आलीय. आणि पाणी कधी दिलंस? रेघेच्या आधी की नंतर?"

"नंतर. पाणी दिल्यावर छिन्नी चालते होय? पाटील म्हणाले, कडक हवा, म्हणून लालबुंद करून गार पाण्यात बुडवला. आता त्याच्यावर ओरखडासुद्धा उठणार नाही."

कासारणीनं रेघेवरून नख फिरवलं. नख अडकलं. तिला काहीतरी खटकलं, पण काय ते कळेना. घरी जायचं सोडून ती तिथंच उकिडवी बसली.

"दादा, एक विचारू? एवढी जाड लोखंडाची कांब तू तोडतोस कशी?"

"त्यात काय! छिन्नीनं भोवती चर पाडायचा, ऐरणीच्या काठावर धरायची आणि एक घाव. बरोब्बर चरावर तुटते."

एवढं बोलून लोहार थांबला. त्यानं आकड्याकडे पाहिलं. मग खाली मान घालून तो भाता ओढू लागला.

"दादा?"

"पाटलांचा हुकूम आहे, काकू. मी काय बोलणार? दे ती कानस इकडे."

कानशीला धार लावून घेऊन कासारीण उठली ती थेट पारावर गेली. पाटील तिथं चार माणसांत बसले होते. तिनं पदराखालून दोन काचेच्या बांगड्या काढल्या. एक भट्टीत चेपली गेलेली होती, तिला मोठा खोलगट पोचा होता. दुसरी नवीकोरी. नव्या बांगडीवर तिनं धारदार कानशीनं एकदाच ओरखडा काढला.

"पाटील, या दोन्ही फडक्यात धरून जरा दाबा. आधी कुठली तुटेल?"

"ही काय विचारायची गोष्ट झाली? ही चेपलेली."

पाटलांनी चेपलेली दाबली. ती तडकेना, तुटेना. मग त्यांनी नवी हातात घेतली. जोर लावायच्या आतच कट्कन आवाज झाला. ओरखडा होता नेमकी तिथंच तुटली.

पारावरची माणसं पुढं सरकली. "पुन्हा कर गं," कुणीतरी म्हणालं. तिनं आणखी एक नवी बांगडी काढून पुन्हा केलं. पुन्हा तसंच झालं.

"एखादीच्या हातात बांगडी रुतली की मी अशीच काढते," कासारीण म्हणाली. "ताकद लावावी लागत नाही. सगळा जोर त्या ओरखड्याच्या तळाशी जाऊन गोळा होतो. रुंद, गुळगुळीत खळग्यात तो पसरतो. का ते मला माहीत नाही. पण होतं असं. आणि तुमच्या आकड्यावर अशीच रेघ आहे. त्या रेघेवर माझी लेक लटकणार आहे."

पाटील हसले. "बाई, काच आणि लोखंड एकच का? आमची रेघ कढईवर चाळीस वर्षं आहे. तुटली का कढई?"

"कढईला कुणी टांगून घेत नाही, पाटील."

माणसं हसली आणि तिथंच गोष्ट बिघडली. पाटलांचा चेहरा उतरला. त्यांनी लोहाराला बोलावणं धाडलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "आकडा पक्का आहे की नाही?"

लोहारानं कासारणीकडे पाहिलं, पाटलांकडे पाहिलं. "पाटील म्हणतील तसं," तो पुटपुटला.

"ऐकलंत?" पाटील म्हणाले. विषय संपला.

यात्रेचा दिवस उजाडला. ढोल वाजले, नारळ फुटला. जुना आकडा काढून गवतात फेकला होता. नवा उन्हात चमकत होता. पलीकडच्या कड्यावर पाच सुवासिनी हिरव्या साड्या नेसून उभ्या होत्या. कासारणीनं आपली लेक लांबूनच ओळखली. एक हात पोटावर, दुसरा आईला दाखवायला वर.

इकडून रिकामा पाळणा पाठवायचा होता. माणसांनी ओढदोर हातात घेतला. तेवढ्यात कासारीण पुढं झाली आणि तिनं पाळण्यात एक धोंडा ठेवला. मग दुसरा.

"हे काय चाललंय?" पाटील गरजले.

"पाच बायांच्या वजनाचे दगड आधी जाऊ देत. पोचले तर मी सगळ्या गावासमोर तुमचे पाय धरीन."

"शुभकार्यात दगड? काढा ते!"

कुणी हललं नाही. कासारीण लोहाराकडे वळली. "दादा, तुला दोन लेकी आहेत. या आकड्यावर त्यांना बसवशील? हो म्हण, मी दगड काढते."

लोहार वाकला, सगळ्यात मोठा धोंडा त्यानं उचलला आणि पाळण्यात ठेवला.

मग काय! पोरंटोरं दगड आणायला धावली. बघायचं सगळ्यांनाच होतं. पाटील ओरडत राहिले, पण खरं सांगायचं तर मान उंच करून तेही बघत होते.

पाळणा निघाला. पलीकडून लेकीची हाक आली, "आई, दगड कशाला पाठवतेस गं?" लोक हसले. पाळणा मधोमध पोचला. तिथं दोर नेहमीच थोडा हिसका देतो. हिसका बसला.

टण्ण!

मोठा आवाजही झाला नाही. पाळणा कलंडून ओढदोराला लोंबकळला आणि सगळे दगड एकामागून एक नदीत गेले. शेवटचा दगड पाण्यात पडल्याचा आवाज वर यायला किती वेळ लागला, ते सगळ्यांनी ऐकलं.

पाळणा ओढून आणला. आकड्याचा तुकडा हातोहात फिरला. तो नेमका रेघेवर तुटला होता, सुरीनं कापल्यासारखा. तुटलेल्या तोंडावर कडेनं एक काळपट कडं होतं आणि आतलं लोखंड ताजं, चमकणारं.

"हे काळं कसलं?" पाटलांनी हळूच विचारलं.

"गार पाण्यात बुडवला तेव्हाच रेघेच्या तळाशी तडा गेला असणार," लोहार म्हणाला. "आत गेलेल्या पाण्यानं काळा पडला. वरून दिसत नव्हता."

"आणि रेघेमुळे तुटतं, हे तुला आधी माहीत होतं?"

"मी रोज तसंच लोखंड तोडतो, पाटील."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही पक्का आहे ना, एवढंच विचारलंत. आणि मी भ्यालो."

पाटील स्वतः गवतात उतरले आणि जुना, झिजका आकडा शोधून घेऊन आले. लोकांनी तो दोरावर चढवायला घेतला, तर कासारीण म्हणाली, "थांबा. यालाही दगड."

"अगं, हा तर तुझ्याच म्हणण्याच्या बाजूचा!" कुणीतरी म्हणालं.

"बाजूचा असला म्हणून काय झालं? बघायला नको?"

पुन्हा दगड भरले. पाळणा गेला, हिसका बसला, पलीकडे पोचला. परत आला. पुन्हा गेला. मग पाच सुवासिनी बसल्या आणि पाळणा अलीकडे येऊ लागला. तो कड्याला टेकेपर्यंत ढोलकरी ढोल वाजवायचे विसरले होते. लेक उतरली आणि कासारणीनं तिला अशी मिठी मारली की लेक म्हणाली, "अगं, हळू! आम्ही दोघं आहोत."

तात्पर्य: मोठा खळगा डोळ्यांत भरतो, पण घात करते ती बारीक, धारदार खाच, म्हणून वस्तूचं रूप बघून भरवसा ठेवू नये, पारखून ठेवावा. आणि ज्याला खाच कळते त्यानं हुकुमाला भिऊन गप्प बसू नये, कारण दोराला लटकणारा जीव कुणाचा तरी असतोच.