लखमानं बर्फाचा न्याय केला त्याची गोष्ट

एका गावात एक भोळा असतो, हे तुम्ही ऐकलंच असेल. पण एका खाडीच्या काठी सात गावं होती आणि सात गावांत मिळून एकच भोळा होता. त्याचं नाव लखमा. आता सात गावांना एकच भोळा म्हटल्यावर त्याला कुठली तरी मोठी जागा द्यायलाच हवी. त्यांनी दिली. कशी दिली ते ऐका.

माडवलीचे वागळे वकील सहकुटुंब युरोपची सहल करून आले. लोक तिकडून चॉकलेटं आणतात. यांनी कायदा आणला. देवळासमोर सभा भरवून ते म्हणाले, "तिकडे देश पुष्कळ, पण बाजार एक. दोन कंपन्या एक व्हायला निघाल्या, की आधी विचारावं लागतं. धंदा मोठा आणि बऱ्याच देशांत पसरलेला असला, तर वरचं ऑफिस बघतं. लहान असला, तर ज्याचा त्याचा देश बघतो. का? तर सगळा बाजार एकाच्या घशात जाऊ नये म्हणून."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपली सात गावं म्हणजे सात देशच की! मग वरचं ऑफिस निघालं, वागळे त्याचे अध्यक्ष झाले, आणि गावोगाव फिरून बघणारा एक निरीक्षक लागणार होता. इथं गाडं अडलं. माडवलीचा माणूस काळबटला चालेना, काळबटचा शिंपेघरला चालेना. दुसऱ्याचा माणूस त्याच्याच बाजूनं बोलेल ही प्रत्येकाला खात्री, कारण आपला काय करणार हे प्रत्येकाला ठाऊक. शेवटी कुणीतरी म्हणालं, "लखमाला करा. त्याला बाजूच कळत नाहीत."

सगळे खूश. लखमाला पितळी बिल्ला मिळाला. त्याची बायको चांगुणा मासळी विकायची. तिनं बिल्ला पाहिला, नवऱ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "बिल्ला तरी सांभाळ, बाबा."

पहिल्या दिवशी वागळ्यांनी त्याला शिकवलं. "नियम साधा आहे. दोघांचा धंदा सारखा, आणि ते एक व्हायला निघाले, की आधी आपल्याला विचारलं पाहिजे. विचारलं नसेल तर थांबवायचं. समजलं?"

"समजलं," लखमा म्हणाला. आणि तेच घोकत निघाला. विचारलं नसेल तर थांबवायचं, विचारलं नसेल तर थांबवायचं.

वाटेत काळबटला लग्नाचा मांडव घातला होता. आत नवरा-नवरी पाटावर उभे, मध्ये अंतरपाट, भटजी मंगलाष्टकं म्हणताहेत. नवऱ्याचा बाप सुक्या बोंबलांचा व्यापारी. नवरीचा बापही सुक्या बोंबलांचाच. लखमाच्या अंगावर काटा आला. धंदा सारखा, आणि सगळ्या गावादेखत एक व्हायला निघालेत!

तो घुसला आणि त्यानं अंतरपाट गच्च धरला. "थांबा! वरच्या ऑफिसला विचारलंत का?"

"अरे, मुहूर्त टळतोय! सोड!" भटजी ओरडले.

"आधी अर्ज करा, मग मुहूर्त काढा."

भटजी अंतरपाट खाली ओढतात, लखमा वर ओढतो. शेवटी तो मधोमध फाटला. मुहूर्त टळला, नवरीची आत्या घेरी येऊन पडली आणि अक्षता सगळ्या लखमाच्या पाठीत बसल्या, मुठी वळून.

वागळ्यांनी कपाळाला हात लावला. "अरे मूर्खा, लग्नं कसली थांबवतोस! माणसं एक झाली तर होऊ देत. आपण दुकानं बघायची. दुकान एकाचं आणि हुकूम दुसऱ्याचा चालायला लागला, तर समज की ताबा गेला. तिथं जाऊन सांगायचं, हे बेकायदा आहे. समजलं?"

"समजलं," लखमा म्हणाला. दुकान एकाचं, हुकूम दुसऱ्याचा, असं घोकत निघाला.

शिंपेघरला सदू वाण्याचं दुकान होतं. लखमा तांदळाच्या पोत्यावर बसून बघत राहिला. एकानं उधार गूळ मागितला. सदूनं आतल्या दाराकडे पाहिलं. आतून बायकोचा आवाज आला, "नाही म्हणावं." सदू म्हणाला, "नाही." दुसऱ्यानं तेलाचा भाव विचारला. सदूनं आत पाहिलं, आतून भाव आला. तिसऱ्यानं विचारलं, "सदूशेट, चहा घेणार का?" सदूनं तेव्हाही आतच पाहिलं.

लखमा ताडकन उठला आणि भर दुकानात ओरडला, "सदूशेट, तुमचं दुकान गेलं! या बाईनं ताबा घेतलाय! केव्हा घेतला, बाई? आम्हाला विचारलंत का?"

सदूची बायको कमरेला पदर खोचून बाहेर आली. "लग्न झालं त्या दिवशी घेतला. तुझ्या कुठल्या बापाला विचारायचं होतं?"

गिऱ्हाइकं पोट धरून हसायला लागली. जे गावाला ठाऊक होतं, पण कुणी तोंडावर बोललं नव्हतं, ते सरकारी शिक्क्यानं जाहीर झालं. सदू बिचारा तोंड लपवून लेकीकडे जाऊन बसला तो परत येईना. बायको म्हणाली, तो येईपर्यंत दुकान उघडणार नाही. शिंपेघरकरांनी आठवडाभर अळणी आमटी खाल्ली आणि प्रत्येक घासाला लखमाचा उद्धार केला.

"अरे गाढवा," वागळे म्हणाले, "नवरा-बायको म्हणजे एक घर! घरातल्या घरात कुणाचाही हुकूम चालो, आपल्याला काय? बाहेरचा माणूस येऊन माल ताब्यात घ्यायला लागला, तर बघायचं. तेही माल बऱ्याच गावांत जात असला तरच. एकाच गावापुरतं असेल तर आपलं कामच नाही, त्या गावच्या पंचांचं. समजलं?"

"समजलं," लखमा म्हणाला.

काळबटला सोसायटीचं भाताचं गोदाम होतं. भर दुपारी, सगळा गाव जेवून लवंडलेला असताना लखमा तिथं पोचला. बघतो तर काय, गोदामाचं कुलूप तुटलेलं, आणि चार अनोळखी माणसं पोती होडीत भरताहेत.

बाहेरची माणसं! माल ताब्यात घेताहेत! लखमानं बिल्ला पुढे केला. चोर पोत्यांसकट जागीच थांबले.

"हा माल किती गावांत जाणार?" लखमानं दरडावून विचारलं.

चोरांतला म्हातारा पोचलेला होता. "एकाच गावात, साहेब. आमच्याच."

"नक्की एकाच?"

"आईशप्पथ."

"मग आमच्याकडे येत नाही," लखमा म्हणाला. "तुमच्या गावच्या पंचांना भेटा." म्हाताऱ्याच्या पाठीवरचं पोतं घसरत होतं, त्याला त्यानं हातही दिला. होडी दिसेनाशी झाली, तेव्हा हा काठावरून निरोपाचा हात हलवत होता.

या वेळी वागळ्यांनी टेबलावर मूठ आपटली. "अरे, चोर कधी धंदा करतात का? त्यांच्या विक्रीचा कुठं हिशोब असतो का? आता नीट ऐक. यापुढं गाव नको, घर नको, काही नको. एकच प्रश्न विचारायचा, विक्री किती? विक्रीच नसेल, तर ती भानगड आपली नाही. तिथं नाक खुपसलंस तर बिल्ला काढून घेईन!"

बिल्ला काढून घेईन म्हटल्यावर लखमा हादरला. विक्री किती, विक्री किती, असं तो झोपेतसुद्धा बडबडायला लागला. आणि वागळे पुढच्या अभ्यासासाठी पुन्हा युरोपला गेले. या खेपेला मेव्हणीही बरोबर होती.

आता खरी गोष्ट. खाडीवर बर्फाचा कारखाना एकच, खंडूशेटचा. सातही गावांची मासळी त्याच्या बर्फावर. तो म्हणेल तो भाव. बर्फ परवडला नाही, तर मासळी दुपारच्या आत त्याच्याच माणसाला मातीमोलानं द्यायची, नाहीतर नासलेली फेकायची. बायका पिचून गेल्या होत्या. शेवटी चांगुणानं सगळ्या कोळणींना जमवलं. कुणी पाटल्या मोडल्या, कुणी बोरमाळ. चांगुणानं दोन्ही मोडल्या. माडवलीच्या धक्क्यावर बायकांनी शेड बांधली आणि पास्कल मिस्त्रीला भागीदार घेऊन बर्फाचं यंत्र बसवलं. पहिली लादी निघायला चार दिवस उरले होते. गौरीगणपती सोडले, तर बाया अशा हसताना कुणी पाहिल्या नव्हत्या.

आणि पास्कल फुटला. कागदावर यंत्र त्याच्या नावावर होतं. खंडूशेटनं त्याच्या पुढ्यात नोटांची चळत ठेवली, आणि यंत्र उचलून आपल्या कारखान्यात न्यायचं ठरलं. चालवायला नव्हे हो, गंजवायला!

बाया धावत लखमाकडे आल्या. पुढे चांगुणा. सगळ्या एकदम ओरडल्या, "थांबवा हे! याच्यासाठीच तर तुम्हाला बसवलंय!"

लखमानं बिल्ला पुसला. "विक्री किती?"

"कुणाची?"

"तुमच्या कारखान्याची. आजवर किती बर्फ विकलात?"

"अहो, यंत्र चालूच व्हायचंय अजून! चालू झालं की विकू. म्हणूनच तर तो विकत घेतोय, मेला!"

"म्हणजे विक्री नाही. विक्री नाही, तर आमच्याकडे येत नाही."

चांगुणानं आपले मोकळे हात त्याच्यापुढे धरले. "माझ्या पाटल्या आहेत रे त्यात."

लखमाला वाईट वाटलं. खरंच वाटलं, डोळ्यांत पाणी आलं. पण त्यानं बिल्ला मुठीत घट्ट धरला आणि म्हणाला, "पाटल्यांचा नियम मला शिकवलेला नाही."

मग बाया माडवलीच्या पंचांकडे गेल्या. पंच म्हणाले, "आमच्या गावाच्या नियमांतही हे बसत नाही. पण प्रकरण गंभीर आहे. आम्ही वर पाठवतो." आणि त्यांनी ते लखमाकडे पाठवलं.

लखमा म्हणाला, "तुमच्या डब्यात मीठ नाही, आणि तुम्ही मला मीठ पाठवता? तुमच्याकडे नाही ते तुम्ही मला देणार कसं?"

पंचांनी प्रकरण मुकाट परत नेलं. बोलणं बिनतोड होतं. दुर्दैव असं, की या माणसाच्या तोंडून जन्मात एकच शहाणपणाचं वाक्य निघालं आणि तेही नको त्या दिवशी. पुढे वागळ्यांना कळलं, तेव्हा तेसुद्धा म्हणाले, "कायद्यानं अगदी बरोबर." बघा, म्हणजे कायदा कुणाच्या पंगतीला बसला होता!

यंत्र गेलं. दुसऱ्याच दिवशी खंडूशेटनं लादीचा भाव दुप्पट केला. चांगुणाची सुरमई टोपलीत पांढरी पडायला लागली.

वागळे परत आले तेव्हा धक्क्यावर सात गावच्या बाया कोयते घेऊन उभ्या होत्या. मासळी कापायचे कोयते, पण वकिलांना फरक विचारायचा धीर झाला नाही. ते घाईघाईनं म्हणाले, "अजून वेळ गेलेली नाही! तिकडे अशालाही उपाय आहे. चुकीनं एक झालेलं मोडता येतं, सगळं पूर्वीसारखं करता येतं. मी आत्ता हुकूम लिहितो." त्यांनी लिहिला, सही ठोकली आणि लखमाच्या हातात दिला. "जा! खंडूशेटनं हात मारायच्या आधी जसं होतं, तसं करून ये! समजलं?"

"समजलं," लखमा म्हणाला. खंडूशेटच्या आधी जसं होतं, तसं.

पण कसं होतं? लखमाला चुकायचं नव्हतं. तो आधी धक्क्यावरच्या जख्ख म्हाताऱ्या नागूतात्याकडे गेला. "तात्या, खंडूशेट यायच्या आधी इथं काय होतं?"

"काय असणार?" तात्या म्हणाले. "चिखल होता. आणि खेकडे."

लखमानं गडी घेतले आणि कारखान्यावर चाल केली. खंडूशेट आडवा आला, तर त्याच्या नाकासमोर सही-शिक्क्याचा हुकूम धरला. वर्षानुवर्षांचा डूख होता, गडी मन लावून राबले. लाद्या खाडीत ढकलल्या. खंडूशेटचं यंत्र फोडलं. कोपऱ्यात बायकांचं यंत्र होतं, तेही फोडलं, कारण खंडूशेटच्या आधी तेही नव्हतं. भिंती पाडल्या, वर चिखल पसरला. खेकडे काही मिळेनात, तेव्हा लखमानं पदरचे पैसे देऊन बाजारातून दोन टोपल्या खेकडे आणले आणि स्वतःच्या हातांनी सोडले. नागूतात्याला बोलावून दाखवलं. तात्या म्हणाले, "अगदी तस्सं!"

घामाघूम होऊन लखमा घरी आला. जन्मात पहिल्यांदा त्यानं सांगितलेलं काम सांगितल्यासारखं केलं होतं. दारात चांगुणा बसली होती, पुढे सुरमईची टोपली, अंगणात पाय ठेववत नव्हता असा वास. तिला बातमी आधीच पोचली होती.

"आता खाडीवर बर्फ कोण देणार?" तिनं विचारलं.

"कुणीच नाही," लखमा म्हणाला.

"मग सात गावच्या बायांनी करायचं काय? सांग ना! तू निरीक्षक ना? बघ की आमच्याकडे!"

लखमानं बिल्ल्यावरचा चिखल पुसला आणि नीट विचार केला. खंडूशेटची विक्री बंद. बायकांची कधी नव्हतीच. सातही गावांत बर्फाचा खडासुद्धा विकला जात नव्हता. त्याचा चेहरा उजळला.

"चांगुणा," तो म्हणाला, "आता तर हे आमच्याकडे मुळीच येत नाही."

चांगुणा उठली. तिनं टोपली उचलली आणि सगळीच्या सगळी सुरमई त्याच्या डोक्यावर ओतली.

लखमा हलला नाही. कानावरून शेपटी बाजूला करून त्यानं शांतपणे विचारलं, "यातली विकली किती?"