पान कुठं संपतं

“पण बाई, व्हायरस मेला ना? मग अडचण काय आहे?”

श्रीरंग कोठावदेनं चार वर्षं घासून पपईवरच्या व्हायरसचं औषध शोधलं होतं. आज चार वाजता दगाजी अण्णांच्या सहा एकर बागेत पहिली फवारणी होती. तो आपल्या जुन्या शिक्षिकेकडे, गरुडबाईंकडे, सल्ला मागायला आलाच नव्हता. त्याला शाबासकी हवी होती.

बाईंनी त्याच्या हातातला फोटो घेतला. रोगट पानातली एक पेशी, हजारो पट मोठी केलेली. आत द्राक्षाच्या घडासारख्या बारीक पिशव्या.

“हे काय?”

“व्हायरसचे अड्डे. इथंच तो स्वतःच्या नकला काढतो. माझं औषध या पिशव्यांचा पडदा फाडतं. अड्डा गेला की खेळ खलास.”

“हं.” बाईंनी पेन्सिल पुढे केली. “व्हायरस कुठं संपतो, पान कुठं सुरू होतं… तिथं रेघ मार.”

श्रीरंग हसला. एका पिशवीभोवती त्यानं झोकात गोल काढला.

“हा पडदा कुणाचा?”

“पानाचाच. या व्हायरसला स्वतःचा पडदा नसतो, तो पेशीकडूनच…”

तो थांबला. गोल खोडून त्यानं आतून काढला. पेन्सिल पुन्हा अडली. पिशवीचा पडदा पुढे पेशीतल्याच पडद्याच्या घड्यांना मिळाला होता. आणि त्या घड्या निरोगी पानातही असतात.

घड्याळात पावणेचार.

“रेघ सापडेना?”

श्रीरंगनं पेन्सिल खाली ठेवली.

“तुझ्या औषधाला सापडते?”

“कुंडीतली रोपं आठ दिवस हिरवीगार होती, बाई!” त्याचा आवाज चढला.

“आणि नवव्या दिवशी?”

आठव्या दिवशी व्हायरसचा आकडा शून्यावर आला, तेव्हाच प्रयोग संपला म्हणून त्यानं रोपं उपटून फेकली होती.

श्रीरंगनं फोन लावला.

“अण्णा, पंप चालू करू नका.”

“अहो साहेब, टाकी भरून ठेवलीय! का, औषध खराब आहे का?”

त्यानं बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

“माहीत नाही, अण्णा… मी नववा दिवस बघितलाच नाही.”

पलीकडून फोन कट झाला.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“हं… आता सांग, काय सापडलं तुला.”