पुराचा गाळ राखणारे गाव

गंगेच्या काठी कंपिल्ल नगरात उपसेन राजा गादीवर असताना बोधिसत्त्व त्याचा अमात्य होऊन जन्माला आला होता. आपत्तीत सापडलेल्यांना मदत वाटण्याचे काम त्याच्याकडे होते.

त्या वर्षी भाद्रपदात पूर आला आणि काठची गावे गाळाखाली गेली. ज्याचे नुकसान झाले त्याला बियाणे आणि बैल द्यायचे राजाने ठरवले. लबाडांनी हात मारू नये म्हणून दवंडीचे शब्द बोधिसत्त्वाने स्वतः लिहून दिले: "अमात्य डोळ्यांनी पाहीपर्यंत कोणी गाळाला हात लावू नये. जो लावील त्याला मदत नाही आणि त्याचे पीक राजाचे." लिहिताना त्याला आपल्या हुशारीचे कौतुकच वाटले होते.

पण गावे चौऱ्याऐंशी आणि पाहणारे डोळे दोन. वेत्रग्रामाला पोहोचेपर्यंत पौष उजाडला.

गाव आज्ञाधारक होते, तेच त्याला नडले. लोकांनी शेतांभोवती काट्यांचे कुंपण घालून गाळ राखला होता. झाडावर अडकलेली गाडी तशीच लटकत होती. गाळ वाळला तर नुकसान जुने दिसेल या धास्तीने काही जण त्यावर रोज घागरीने पाणी शिंपडत होते! पेरणीचे दिवस कधीच सरले होते. बोधिसत्त्वाने सगळ्यांना बियाणे आणि बैल दिले, लोक पाया पडले. आता हे पेरायचे कधी, असे कोणी विचारले नाही आणि बोधिसत्त्वाचीही तो विषय काढायची छाती झाली नाही.

गावाच्या टोकाला एका शेतात मात्र जवस निळ्या फुलांवर आले होते. कालका नावाच्या म्हाताऱ्या तेलिणीचे ते शेत. तिने एकटीने गाळ उपसून आधी घाणा मोकळा केला, मग पेरणी केली होती.

"आजी, दवंडी ऐकली नव्हती का?" बोधिसत्त्वाने विचारले.

"ऐकली की. पण तुम्ही येईस्तोवर पेरणीजोगी ओल, वाफसा थांबतोय व्हय, बाबा? मला तुमचं बियाणं नको, बैल नको. एवढं जवस राहू द्या, वरीसभर घाणा चालंल."

गावचा मुखिया उसळून म्हणाला, "अमात्य महाराज, आम्ही चार महिने हातावर हात धरून बसलो. हिला सोडलंत तर आम्ही काय येडे?"

जप्तीच्या पत्रावर मुद्रा उमटवली की बोधिसत्त्वाचे काम संपत होते. त्याने ती उमटवली नाही. तो नगरात परतला आणि भर सभेत म्हणाला, "महाराज, चूक त्या बाईची नाही. दवंडी चुकीची होती आणि ती मी लिहिली."

राजा शांतपणे म्हणाला, "दवंडी माझ्या नावाने फिरली. ती चुकली म्हटले तर मी चुकलो. मुद्रा उमटव आणि पद राख."

राजा विरघळेल, अशी बोधिसत्त्वाला आशा होती. ती फोल ठरली. मुद्रा सिंहासनाच्या पायरीवर ठेवून तो बाहेर पडला. दुपारच्या आत नवा अमात्य नेमला गेला आणि त्याने पहिले काम तेच केले.

बोधिसत्त्व पायी वेत्रग्रामाला पोहोचला, तेव्हा गावकरी कालकेचे जवस कापत होते. दाणा भरला नव्हता, ते राजाच्या कोठारालाही निरुपयोगी होते. तरी भारे गाड्यांवर चढत होते, आणि गाड्यांना मदतीत मिळालेले बैल जुंपले होते.

"आजी, ती दवंडी मीच लिहिली होती," तो म्हणाला.

कालकेने त्याच्याकडे पाहिलेही नाही. "तुम्हाला शेत नसंल," ती म्हणाली आणि घरात गेली.

आपल्या पूर्वजन्माची ही कथा सांगून शास्ते भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचा राजा म्हणजे आज माझ्याशी वैर धरणारा देवदत्त. कालका म्हणजे मला वाढवणारी मावशी महाप्रजापती गौतमी. जवस कापणारे गावकरी तुम्हीच, जे आज माझ्यासमोर बसला आहात. आणि अमात्य मी होतो. पद गेले तरी मी माझी चूक झाकली नाही, ही त्या जन्मातली माझी सत्यपारमिता. पण त्या वर्षी त्या बाईच्या घाण्यात एक दाणा पडला नाही, हेही सत्यच."