हैबतरावाच्या तीन कोनशिला

एका राज्यात भिंती टिकेनाशा झाल्या. दिवसभर भिंत बांधावी आणि सूर्य मावळताना ती ढासळावी. राजवाडा पडला, वेस पडली, लोक झाडांखाली राहू लागले. उरला मोठा बंधारा. शेवटी त्यालाही तडा गेला. बंधाऱ्याखाली बारा गावं होती.

प्रधान हैबतराव ऐंशीचा होता. तीन राजांची चाकरी त्याने केली. आताच्या राजाला तर त्यानेच हाताला धरून गादीवर बसवलं. राज्यभर त्याच्या नावाच्या कोनशिला होत्या.

पडक्या राजवाड्यावर एक साळुंकी येऊन बसली. ती माणसासारखी बोलली.

"प्रधानजी, हा मलकोजी पाथरवटाचा शाप. बंधारा त्याने बांधला. त्याचं नाव काढून तुम्ही आपलं कोरलंत."

"त्याला चाळीस वर्षं झाली."

"दगडाचा शाप सावकाश चढतो."

"उपाय सांग."

"मी दाखवीन त्या तीन कोनशिलांवरचं नाव आपल्या हाताने पुसा. भिंती राहतील. मात्र तिसरं पुसलंत की या राज्यात तुम्हाला कोणी ओळखणार नाही."

हैबतरावाला मूलबाळ नव्हतं. नाव तेवढं होतं. मग त्याने छिन्नी-हातोडा उचलला.

पहिली कोनशिला नदीकाठी. तिथे पूल व्हायचा होता. झाला नाही. शिळेवर परटिणी धुणं आपटत होत्या.

"सरका, बायांनो. नाव पुसायचं आहे."

एक परटीण हसली. "उशीर केलात, प्रधानजी. अर्धं आमच्या लुगड्यांनीच पुसलंय."

उरलेलं त्याने पुसलं.

दुसरी डोंगरातल्या गावी, वैद्यशाळेची. शिळेला शेंदूर फासलेला, वर फुलं. शेजारी एक म्हातारी बसली होती.

"या, प्रधानजी. तुम्हीच बसवलेला देव."

"हा देव नव्हे, आजी. वैद्यशाळेची कोनशिला आहे."

"ठाऊक आहे. माझी सून बाळंतपणात इथंच गेली. वैद्य नव्हता, दगड होता. मग दगडालाच हात जोडले."

हैबतरावाने नखांनी शेंदूर खरवडला आणि नाव पुसलं. नखांतला शेंदूर निघाला नाही.

तिसरी बंधाऱ्यावर. तड्यातून पाणी उडत होतं.

"हे तरी मी केलं," हैबतराव म्हणाला.

"दगड कोणी घडवले?" साळुंकीने विचारलं.

त्याने आठवून पाहिलं. कोनशिला बसवली त्या दिवसाचे हार आठवले, तुताऱ्या आठवल्या, थोरल्या महाराजांनी पाठीवर ठेवलेला हात आठवला. मलकोजीचा चेहरा काही आठवला नाही.

त्याने छिन्नी लावली. शेवटचं अक्षर गेलं तशी खालून जुनी अक्षरं वर आली, पाण्यातून मासा यावा तशी. तडा मिटला. त्या दिवशी सूर्य मावळला आणि एकही भिंत पडली नाही.

दुसऱ्या दिवशी राजा हत्तीवरून बंधारा पाहायला आला. त्याने शिळा वाचली. "मलकोजी पाथरवट. यानं बांधला होय!" मग त्याची नजर वळली. "म्हातारबा, तू कोण?"

"दगड पुसणारा."

"याला भाकरी द्या," राजा म्हणाला. "आणि ऐका. डोंगरात वैद्यशाळा बांधायची आहे. उद्याच कोनशिला बसवा. अक्षरं मोठी कोरा. नाव आमचं."

तुताऱ्या वाजल्या. साळुंकी उडून गेली.

हैबतरावाने भाकरी घेतली नाही. छिन्नी कमरेला खोवली आणि तो डोंगराच्या वाटेला लागला. वाटेत त्याला कोणी रामराम केला नाही.

शाप सुटला, भिंती उभ्या राहिल्या, राज्य पूर्वीसारखं चालू लागलं. अगदी पूर्वीसारखं.