दगडाचा राजा आणि चोवीस बेडूक

एका राज्यात वाटणी हरवली होती. धान्य होतं, दूधदुभतं होतं, झाडं फळांनी वाकली होती. पण मोठ्या माणसाने काही सारखं वाटायला घेतलं की त्याचा हात भलतीकडेच जाई. लग्नाच्या पंगतीत नवरदेवाच्या पानात अकरा लाडू पडत आणि सासऱ्याच्या पानात नुसती लिंबाची फोड. जुळ्यांची आई दोन भाकऱ्या करी, त्या दोन्ही एकाच्याच ताटात जात, आणि दुसऱ्याच्या पाठीवरून हात फिरवत ती माउली रडत बसे.

हे घडलं राजा उदंडसेनाच्या करणीमुळे. त्याने कूटनाथ नावाच्या मांत्रिकाच्या मदतीने नागांच्या डोंगरातून अठ्ठावीस सोन्याची डाळिंबं आणली. राजा, प्रधान, सेनापती आणि मांत्रिक, असे चौघांचे चार सारखे वाटे करायचे, असं ठरलं होतं. घरी येताच राजाने स्वतःकडे पंधरा ठेवली, प्रधानाला आठ दिली, सेनापतीला पाच दिली, आणि कूटनाथाच्या हाती रिकामी टोपली ठेवली. टोपलीही चांगली विणलेली आहे, असं वर सांगितलं.

कूटनाथाने टोपली खाली ठेवली आणि शापवाणी उच्चारली. यापुढे या राज्यात कोणाही मोठ्या माणसाला सारखी वाटणी जमणार नाही. राजवाड्यात मोठ्यांच्या हातून वाटणी चुकली की राजा पायाकडून बोटभर दगड होईल. दुधाचे दात न पडलेल्या तीन मुलांनी मांत्रिकाच्या तीन वाटण्या स्वतःच्या हाताने बरोबर केल्या आणि त्या का बरोबर हे सांगितलं, तरच शाप सुटेल. त्यातली एक जरी चुकली, तर राजा शेंडीपर्यंत दगड.

वर्षभरात राजा छातीपर्यंत दगड झाला. सिंहासनावरून उठता येईना, पण भूक मात्र पूर्वीइतकीच लागे.

दरबारच्या पंडितांनी तीन मुलं निवडली. राजकन्या चित्रांगी, माहुताची लेक रंगू आणि पुरोहिताचा नातू वामन. त्यांना सहा महिने भागाकाराचे श्लोक शिकवले. वामनाला तर तिसापर्यंतचे पाढे उलटेसुद्धा येत. परीक्षेसाठी त्याच्यापुढे बारा बोरं ठेवली आणि तिघांत वाटायला सांगितलं. वामनाने डोळे मिटून तिनाचा पाढा खणखणीत म्हटला आणि पाढा म्हणता म्हणता सगळी बोरं खाल्ली. मग पंडितांनी दुसरी बोरं घेऊन स्वतः वाटून दाखवली, आणि त्या दिवशी राजाचे खांदे गेले.

राजवाड्यात हार गुंफणारी सगुणाबाई हे दाराशी उभी राहून पाहत होती. तिचेही हात शापाने बिघडले होते. एक हार देवाच्या गुडघ्यापर्यंत येई, दुसऱ्यात तीनच फुलं. देव दोन्ही मुकाट्याने घाली, पण सगुणाबाईला लाज वाटे. मात्र तिने एक गोष्ट पाहिली होती. अंगणात चिंचोके खेळताना हीच मुलं खेळ सुरू होण्याआधी चिंचोके नेमके सारखे वाटून घेत, आणि एखादा कमी आला तर गाव गोळा होईल एवढा दंगा करत.

ती राजापुढे आली आणि हात जोडून म्हणाली, "महाराज, मुलं एक महिना माझ्याकडे द्यावीत."

"तुला भागाकार येतो?" राजाने विचारलं.

"येत होता. आता नाही येत. म्हणूनच मी मध्ये मध्ये करणार नाही."

राजाला आता फक्त मानच हलवता येत होती. ती त्याने हलवली.

सगुणाबाईने मुलांना राजवाड्याच्या अंगणातल्या चिंचेच्या झाडाखाली बसवलं. श्लोक नाही, पाटी नाही. चिंचोके, शेवंतीची फुलं आणि पळसाच्या पानांचे द्रोण, एवढंच. अठरा चिंचोके, तीन द्रोण. रंगूने मूठ भरून एकात टाकली. सगुणाबाईचे हात आपोआप पुढे झाले, एकच चिंचोका उचलून ती नीट ठेवायला गेली, तो भलत्याच द्रोणात पडला, आणि तेवढ्यात राजवाड्यातून राजाची किंकाळी आली. त्याची हनुवटी गेली होती. त्या दिवसापासून सगुणाबाई दोन्ही हात पदरात गच्च गुंडाळून बसू लागली. मुलं चुकत, तिच्या बोटांना मुंग्या येत, पण ती एवढंच विचारी, "आता कोणता द्रोण रुसला असेल?" मुलं बघत, रुसलेला द्रोण शोधत, पुन्हा वाटत.

झाडावर एक साळुंकी राही. तिला माणसांची भाषा येई आणि सगळ्यांचे दोष सांगायची हौस होती. तिने सगुणाबाईला विचारलं की अशाने मुलं शिकतील का. सगुणाबाईने सांगितलं की मला ठाऊक नाही. हे तिचं खरं उत्तर होतं, आणि तिला रोज घरी जाताना त्याची भीती वाटे.

महिना सरला. कूटनाथ दरबारात आला आणि राजाच्या उघड्या नाकाकडे पाहून त्याने पहिली वाटणी मांडली. चोवीस बेडूक, सहा घागरी.

बेडूक घागरीत टिकेनात. प्रधानाच्या पागोट्यावर एक जाऊन बसला. चित्रांगी किंचाळली. रंगूने मात्र प्रत्येक घागरीवर एक परात झाकली, परात सरकवून एकेक बेडूक आत सोडला, आणि सहाव्या घागरीपर्यंत येऊन पुन्हा पहिलीपासून सुरू केलं. चौथ्या फेरीला प्रधानाच्या पागोट्यावरचाही आत गेला.

"प्रत्येकीत चार. का?" कूटनाथ म्हणाला.

"दर फेरीला दर घागरीत एक. फेऱ्या चार झाल्या, आणि कोणतीच घागर मी वगळली नाही."

राजाची हनुवटी सुटली. तो लगेच बोलू लागला, पण कूटनाथाने हात वर केला.

दुसरी वाटणी. पंचेचाळीस राजहंस, पाच-पाचांचे थवे केले तरच उडणारे. थवे किती होतील? आता द्रोण ठरलेले नव्हते. चित्रांगीने सवयीने एकेक हंस वाटायला घेतला आणि मध्येच थांबली. किती जागी वाटायचं तेच कोणी सांगितलेलं नाही, हे तिच्या ध्यानात आलं. सगुणाबाईने पदर दातांत धरला. मग राजकन्येने पाच हंस एका बाजूला केले. ते उडाले. आणखी पाच केले, तेही उडाले. नवव्या थव्यानंतर दरबारात एकही हंस उरला नाही.

"नऊ," ती म्हणाली. "इथे जागा ठरलेल्या नव्हत्या, थवा केवढा ते ठरलेलं होतं. म्हणून मी थवे काढत गेले."

राजा कमरेपर्यंत सुटला.

तिसऱ्या वाटणीला चार राक्षस आले आणि पाटांवर बसले. पुढे एकोणतीस मोदक. वाटणी चुकली तर वाढणाऱ्याला खायचं, असा राक्षसांचा रिवाज होता. पाळी वामनाची होती. त्याने चाराचा पाढा म्हटला, पुन्हा म्हटला, आणि त्याचा चेहरा पडला. पाढ्यात एकोणतीस येतच नव्हते.

सगुणाबाईला वाटलं, धावत जावं आणि पोराला उचलून आणावं. ती जागची हलली नाही. फक्त म्हणाली, "वामना, तोंड मीट. हात चालव."

वामनाने वाढायला घेतलं. एकेक मोदक, सात फेऱ्या. चौघांपुढे सात-सात झाले आणि परातीत एक राहिला. चारही राक्षसांच्या नजरा त्यावर खिळल्या.

दरबारात कुजबूज झाली. प्रधानाचं मत पडलं की सर्वांत थोरल्या राक्षसाला द्यावा. सेनापतीचं मत पडलं की राजाला द्यावा.

"हा कोणाचा?" कूटनाथाने विचारलं.

वामनाने परात पोटाशी धरली. "कोणाचाच नाही. चौघांना पुन्हा एकेक द्यायला आणखी तीन हवेत, ते नाहीत. एकाला दिला तर तिघांवर अन्याय होतो. सात-सात मिळाले आणि एक उरला, हेच उत्तर आहे."

राक्षसांनी एकमेकांची पानं मोजली. मग ते जेवू लागले. साळुंकीने परातीतला मोदक केव्हा उचलला, ते कोणाला दिसलं नाही.

कडकड आवाज झाला आणि दगड गळून पडला. राजा उदंडसेन सिंहासनावरून उतरला. दीड वर्षाहून अधिक काळ पाय न हलवल्यामुळे तो पहिल्या पावलाला पडला, पण तसाच सरपटत कूटनाथापाशी गेला आणि त्याने क्षमा मागितली. अठ्ठावीस डाळिंबं परत मागवून त्याने स्वतःच्या हाताने चार वाटे केले. फार वेळ लागला. दोनदा चुकला. मुलं आजूबाजूला उभी राहून कोणता वाटा रुसला ते सांगत होती. कूटनाथाने आपली सात डाळिंबं उचलली, आणि पहिल्यांदाच हसला.

राजाने सगुणाबाईला काय हवं ते मागायला सांगितलं. तिने चिंचोक्यांच्या शंभर गोण्या मागितल्या आणि दरबारचे पंडित मागितले, बसून शिकायला. पंडित कुरकुरत आले. महिनाभरात त्यांना द्रोण भरता येऊ लागले.

पुढे त्या राज्यात पंगतीला सगळ्यांच्या पानात सारखे लाडू पडले आणि जुळ्यांना एकेक भाकरी मिळाली. त्यांना जसा आपापला वाटा मिळाला, तसा तुम्हाआम्हाला मिळो; आणि काही उरलं, तर उरलं म्हणून खरं सांगायची बुद्धी होवो.